खंडनक्षमता : पॉपर यांचा निकष आणि तळहातावरचा नारळ

माण-खटावात बोअर घेण्याआधी आजही पाणाड्याला बोलावतात. तळहातावरचा नारळ उभा राहिला की तिथे खूण. यावर वाद पेटला की साताऱ्याच्या विवेकवादी कार्यकर्त्यांच्या तोंडी तत्त्वज्ञ कार्ल पॉपर यांचा निकष येतो: जो दावा खोटा ठरूच शकत नाही, तो विज्ञानाचा नव्हे.

निकषाचे मूळ १९१९च्या व्हिएन्नात आहे. त्या वर्षीच्या सूर्यग्रहणात ताऱ्यांचा प्रकाश हवा तसा वाकलेला दिसला नसता, तर सापेक्षतेचा सिद्धांत अडचणीत आला असता. मनोविश्लेषणाला मात्र माणसाचे कुठलेच वागणे अडचणीचे नव्हते. पॉपर तेव्हा १७ वर्षांचे होते. त्यांचा ग्रंथ जर्मनमध्ये १९३४ साली निघाला, इंग्रजीत यायला १९५९ उजाडले.

मराठीत खरा घोळ शब्दाचा आहे. या निकषाला 'मिथ्याकरण' म्हटले की ऐकणाऱ्याला 'मिथ्या' तेवढे ऐकू येते. म्हणून 'खंडनक्षमता' बरा. त्यात शक्यता आहे, निकाल नाही. आणि खंडनक्षम नाही म्हणजे निरर्थक, असेही पॉपर म्हणत नव्हते. अणूची कल्पना कित्येक शतके तत्त्वचिंतनच होती.

आता पाणाड्याकडे पाहा. 'दोनशे फुटांवर पाणी लागेल' हा दावा पुरता खंडनक्षम आहे. बोअर कोरडी गेली की तो पडला. त्यालाच अवैज्ञानिक म्हणणारे कार्यकर्ते इथे चुकतात, असे माझे स्पष्ट मत आहे. पळवाट पुढच्या वाक्यात असते: 'झरा सरकला.'

पुढे टीकाकारांनी नेमके इथेच बोट ठेवले. एका अपयशाने शास्त्रज्ञ तरी सिद्धांत कुठे सोडतात? युरेनसची कक्षा गणिताशी जुळेना, तेव्हा कोणी गुरुत्वाकर्षणाचा नियम टाकून दिला नाही. पलीकडे आणखी एक ग्रह असेल, असे मानले. पण तो कुठे दिसेल तेही सांगितले आणि १८४६ साली नेपच्यून सापडला. सरकलेला झरा कुठे गेला, ते पाणाडी सांगत नाही.

स्वतःच्या बाबतीतही पॉपर यांनी पळवाट न काढण्याचे पथ्य पाळले. नैसर्गिक निवडीचा सिद्धांत तपासता येत नाही, असे ते आधी म्हणत. १९७८च्या लेखात त्यांनी ते मत जाहीरपणे मागे घेतले. अमेरिकेतल्या आर्कान्सामध्ये 'सृष्टिविज्ञान' (सृष्टी देवाने निर्माण केली, हे विज्ञान म्हणून मांडणारी शिकवण) शाळेत शिकवण्यावरून खटला चालला, तेव्हा १९८२च्या निकालात न्यायालयाने खंडनक्षमता हा विज्ञानाचा एक निकष मानला. महाराष्ट्राच्या २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्यात हा निकष नाही. तिथे अनुसूचीत नेमकी कृत्ये दिली आहेत, आणि शिक्षा त्या कृत्यांना आहे.