माहीममध्ये घर घेताय? आधी इमारतीची जात विचारा

आमच्याकडे येणारं गिऱ्हाईक दोन प्रश्न हमखास विचारतं. पहिला, "सध्या भाव काय चाललाय?" दुसरा जरा आवाज खाली आणून, "बिल्डिंगमध्ये लोक कोण आहेत हो?"

दुसऱ्याचं उत्तर सोपं आहे: सगळे आहेत. मखदूम शाह बाबांचा दर्गा, सेंट मायकल चर्च, शीतलादेवीचं देऊळ आणि कोळीवाडा हे सगळं एका फेरफटक्यात पायी बघून होतं, तिथे दुसरं काय उत्तर देणार? जात विचारायचीच असेल तर इमारतीची विचारा. ती न विचारता टोकन, म्हणजे बयाणा, दिल्यामुळे फसलेली माणसं आम्ही पाहिली आहेत. शेजारी कोण हे न विचारल्यामुळे फसलेला अजून एकही भेटलेला नाही.

एकाच गल्लीत तऱ्हेतऱ्हेची घरं

माहीम हे मुंबई शहर बेटाचं उत्तर टोक. खाडी ओलांडली की उपनगर लागतं आणि बरेच नियम बदलतात. शहरातल्या ३० सप्टेंबर १९६९ पूर्वीच्या बहुतेक भाड्याच्या इमारती 'सेस'च्या, म्हणजे उपकरप्राप्त. त्यांची दुरुस्ती म्हाडाच्या मुंबई इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाकडे असते. अशा इमारतीतली खोली 'विकायला' असते तेव्हा ती बहुधा पागडीची असते. पागडीत तुम्ही घर विकत घेत नाही, भाडेकरूचा हक्क घेता. जमीन आणि भिंती मालकाच्याच राहतात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ ने पागडीची देवघेव कायदेशीर केली आहे, पण मालकाची लेखी संमती आणि तुमच्या नावाची भाडेपावती यांशिवाय तुमच्या हातात काही नाही. मालकाचा वाटाही त्या पैशांतूनच जातो, साधारण तिसरा हिस्सा मागण्याची रीत आहे. बँका पागडीवर सहसा गृहकर्ज देत नाहीत. म्हणून 'अर्ध्या किमतीत वन रूम किचन' ऐकून हुरळून जाऊ नका. ती अर्धी किंमत तुम्हाला रोख उभी करायची असते.

"पण रिडेव्हलपमेंट होणार आहे, मग मालकीचा फ्लॅट मिळणार!" हे वाक्य माहीममध्ये पावसापेक्षा जास्त पडतं. उपकरप्राप्त इमारतीच्या पुनर्विकासात निवासी भाडेकरूला किमान ३०० चौरस फूट चटई क्षेत्र, म्हणजे भिंतींच्या आतली जागा, मिळतं, ही गोष्ट खरी. पण तो पुनर्विकास कधी, हे बोलण्यावरून नाही, कागदावरून ठरतं. विकासकाशी नोंदणीकृत करार झालाय का, बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र निघालंय का, हे बघा. दोन्ही नसतील तर तुम्ही स्वप्नाला पागडी देताय. म्हाडा दर पावसाळ्याआधी अतिधोकादायक इमारतींची यादी जाहीर करते, ती जरूर वाचा.

उरलेल्या दोन जाती ओळखीच्या: सोसायटीतला मालकीचा फ्लॅट आणि नवा टॉवर. टॉवरमध्ये महारेराचा, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाचा, क्रमांक संकेतस्थळावर तपासा. नोंदणीकृत करार होण्यापूर्वी बिल्डर किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेऊ शकत नाही, हे त्यालाही माहीत असतं; तुम्हालाही माहीत आहे हे त्याला कळू द्या. सोसायटीत भोगवटा प्रमाणपत्र (ओसी), म्हणजे इमारतीत राहायला परवानगी देणारा पालिकेचा दाखला, आहे का आणि जमीन सोसायटीच्या नावावर झाली का, हे विचारा. इमारत ३० वर्षांपेक्षा जुनी असेल तर स्ट्रक्चरल ऑडिटचा, म्हणजे इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीचा, अहवाल मागा. सेक्रेटरींनी "करायचंय अजून" म्हटलं की तो खर्च तुमच्याही वाट्याला येणार, हे धरूनच भाव करा.

जुन्या करारात बहुधा बिल्टअप, म्हणजे भिंती धरून मोजलेलं, क्षेत्र लिहिलेलं असतं. ढोबळ हिशोब १.२ ने भागायचा: ५४० बिल्टअप म्हणजे ४५० कार्पेट, अर्थात चटई क्षेत्र. आम्ही मात्र टेप घेऊनच जातो.

विकणारा नक्की मालक आहे का?

आमचा सर्वात जास्त वेळ इथे जातो, आणि आमच्या भागाचं वेगळेपणही इथेच कागदावर उतरतं. जुने फ्लॅट बहुधा वारसाने आलेले असतात. वडील गेले, सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर (सदस्यत्वाच्या दाखल्यावर) मोठ्या मुलाचं नाव नॉमिनी म्हणून चढलं, आता तो विकायला निघालाय. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. तो बाकीच्या वारसांच्या वतीने विश्वस्त असतो. वारस कोण, हे मात्र प्रत्येक मजल्यावर वेगळं. हिंदू कुटुंबात, मृत्युपत्र नसेल तर विधवा, मुलगे, मुली आणि मृताची आई समान वाटेकरी. ख्रिस्ती कुटुंबात विधवेला एक तृतीयांश आणि उरलेलं मुलांना. मुस्लिम कुटुंबात वाटे शरियतप्रमाणे, आणि इतर वारसांची संमती नसेल तर मृत्युपत्राने एक तृतीयांशाहून जास्त देता येत नाही. म्हणून "आमच्यात बहिणी हक्क मागत नाहीत" हे वाक्य आम्ही ऐकून घेतो आणि बहिणींचं नोंदणीकृत हक्कसोडपत्र मागतो. कुटुंब कुठल्याही धर्माचं असो.

वारसांपैकी निम्मे आखातात नाहीतर कॅनडात, हेही नेहमीचं. ५० लाख किंवा त्याहून जास्त किमतीच्या व्यवहारात घेणाऱ्याने १ टक्का टीडीएस, म्हणजे विकणाऱ्याच्या पैशांतून आगाऊ आयकर, कापून भरायचा, हे बहुतेकांना ठाऊक असतं. विकणारा अनिवासी असेल तर मात्र तो १ टक्का लागू नाही आणि ५० लाखांची मर्यादाही नाही. कपात बरीच मोठी असते, ती कमी करून घ्यायची तर विकणाऱ्याने आयकर खात्याकडून तसा दाखला आणायचा. कमी कापलं तर विचारणा तुम्हाला होते, तो टोरंटोत निवांत असतो. परदेशातून आलेलं मुखत्यारपत्र भारतात पोहोचल्यापासून ३ महिन्यांत मुद्रांकित व्हायला हवं.

सोसायटी काय म्हणू शकते, काय नाही

काही जुन्या सोसायट्या एकाच समाजाच्या म्हणून नोंदलेल्या आहेत. अहमदाबादच्या एका पारशी सोसायटीच्या खटल्यात २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने तशी नोंदणीकृत उपविधी, म्हणजे सोसायटीचा नियम, मान्य केली. तो खटला गुजरातच्या कायद्याखालचा होता, तरी टोकन देण्याआधी उपविधींची प्रत बघाच. उपविधीत असं काही नसेल, तर "आमच्याकडे मांसाहारी चालत नाही" हे समितीचं मत झालं, नियम नव्हे. सरकारच्या आदर्श उपविधींत अशी अट नाही. सदस्यत्वाच्या अर्जावर सोसायटीने ३ महिन्यांत निर्णय कळवायचा असतो. हस्तांतरणाचा प्रीमियम, म्हणजे घर नव्या नावावर करताना सोसायटी घेते ते शुल्क, महापालिका हद्दीत जास्तीत जास्त २५,००० रुपये. 'इमारत निधीला ऐच्छिक देणगी' या नावाखाली लाखाची मागणी झाली तर ती लेखी मागा, बहुधा विषय तिथेच मिटतो.

अमुकांनाच घर, तमुकांना नाही अशा अटीची जाहिरात आम्ही लावत नाही. त्यामुळे काही धंदा जातो. जाऊ दे.

किमतीच्या वर किती?

दीड कोटीचा फ्लॅट धरू. मुंबईत मुद्रांक शुल्क मेट्रो अधिभारासह ६ टक्के, म्हणजे ९ लाख. फ्लॅट फक्त स्त्रीच्या नावावर असेल तर ५ टक्के, साडेसात लाख. नवऱ्याचं नाव जोडलं की सवलत गेली. शुल्क करारातली किंमत आणि रेडी रेकनरप्रमाणे (सरकारी दरपत्रकाप्रमाणे) येणारी किंमत यांत जी जास्त तिच्यावर. नोंदणी फी ३०,००० रुपये. सही झाल्यापासून ४ महिन्यांच्या आत नोंदणी करा. एक दिलासा: ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घराला मालमत्ता कर माफ आहे.

घर कधी बघायचं?

रविवारी सकाळी अकराला प्रत्येक गल्ली शांत वाटते. बुधवारी संध्याकाळी या, चर्चमध्ये नोव्हेना, म्हणजे खास प्रार्थना, असतो आणि एलजे रोडवर सगळ्या धर्मांची माणसं असतात. शुक्रवारी दुपारी या. डिसेंबरात उरुसाचे दहा दिवस आणि गणपतीत विसर्जनाची रात्र अनुभवलेल्या शेजाऱ्याशी बोला. पाणी किती वाजता येतं हे दलालाला नाही, तळमजल्यावरच्या काकूंना विचारा. २६ जुलै २००५ ला पाणी कुठपर्यंत चढलं होतं तेही त्याच दाखवतील. कोळीवाड्याच्या बाजूला घर असेल तर वारा कुठून येतो ते बघा. सुकट आवडणाऱ्याला ती सोय, न आवडणाऱ्याला रोजची कटकट. शीतलादेवीला मेट्रो स्टेशन झाल्यापासून गाडीविना भागतं, पण गाडी असेलच तर पार्किंग लेखी घ्या. "लागते कुठेतरी" हे पार्किंग नव्हे.

आमच्याकडे येताना घराच्या शेवटच्या कराराची आणि शेअर सर्टिफिकेटची झेरॉक्स आणा. पागडीची खोली असेल तर भाडेपावती. पहिल्यांदा कागद वाचून मत द्यायचे आम्ही पैसे घेत नाही. कार्यालय सोमवार ते शनिवार उघडं असतं. बुधवारी मात्र गाडी आणू नका.