पाइनच्या फळीतली गाठ

वखारीत पाइनची फळी निवडताना सुतार आधी गाठी बघतो. गाठ दोन जातींची असते. एक फिकट तांबूस, भोवतालच्या लाकडाशी एकजीव झालेली. तिच्यावर रंधा जरा अडखळतो, पण निघून जातो. दुसरीच्या भोवती काळी कड असते. फळी वाळली की ही गाठ सैल होते आणि एखाद्या दिवशी बुचासारखी निखळून फळीला भोक ठेवून जाते. पहिली जिवंत फांदीची, दुसरी मेलेल्या फांदीची. खोड जाड होत जातं तेव्हा जिवंत फांदीचं लाकूड खोडाच्या लाकडाला जोडलेलं राहतं. मेलेल्या फांदीला मात्र खोड नुसतं सालीसकट वेढून घेतं.

आपल्याकडे पॅकिंगची खोकी, पॅलेट, शटरिंग आणि स्वस्त फर्निचर यांत जे पाइन दिसतं, त्यात न्यूझीलंडचं रेडिएटा पाइनही असतं. तिथले ओंडके वर्षानुवर्षं कांडला बंदरात उतरले आणि गांधीधामच्या आरागिरण्यांत चिरले गेले. या एका झाडावर न्यूझीलंडची जवळजवळ सगळी लागवड उभी आहे. तिथल्या सुमारे 17-18 लाख हेक्टर रोपवनांपैकी 90 टक्के क्षेत्र रेडिएटाचं आहे. आणि हे झाड तिथलं नाहीच.

रेडिएटाचं मूळ घर कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर आहे: मॉन्टेरे, कॅम्ब्रिया आणि आन्यो नुएव्हो असे तीन तुकडे, शिवाय मेक्सिकोची ग्वादालुपे आणि सेद्रोस ही बेटं. सगळं मिळून काही हजार हेक्टर. तिथं ते समुद्राच्या वाऱ्यात वाकडंतिकडं वाढतं आणि इमारती लाकूड म्हणून त्याला कुणी फारसं विचारत नाही. 1850 च्या दशकात ते न्यूझीलंडला पोचलं, तेही शोभेचं झाड म्हणून आणि मेंढपाळांच्या कुरणांना वारा अडवायला. दक्षिण गोलार्धात भरपूर पाऊस आणि सौम्य हिवाळा मिळाल्यावर त्यानं जो वेग घेतला, तो बघून लागवड करणारेही चक्रावले.

तरी सरकारी वनखात्यातल्या लोकांचा त्यावर लगेच विश्वास बसला नाही. 1901 मध्ये रोटोरुआजवळ वायओटापूला कैद्यांकडून झाडं लावून घ्यायला सुरुवात झाली, तेव्हा लार्चपासून निलगिरीपर्यंत अनेक झाडं लावून पाहिली गेली. इतक्या झपाट्यानं वाढणारं लाकूड खोक्यांपलीकडे काय कामाचं, असा सूर होता. (या प्रश्नात थोडं तथ्य होतं. त्याचं उत्तर साठ-सत्तर वर्षांनी मिळायचं होतं.) 1913 च्या वन आयोगानं रेडिएटाच्या बाजूनं कौल दिला. 1920 मध्ये मॅकिन्टॉश एलिस हे कॅनडाचे वनाधिकारी खात्याचे प्रमुख झाले. त्यांनी जंगलाची मोजदाद करून घेतली आणि सांगितलं, की देशी झाडांचं लाकूड 1965-70 च्या सुमारास संपेल. मग 1925 मध्ये दहा वर्षांत तीन लाख एकर लागवडीचं लक्ष्य ठरलं.

जागा तयारच होती. उत्तर बेटाच्या मधोमध ज्वालामुखीच्या राखेचं आणि प्युमिस या हलक्या, सच्छिद्र दगडाच्या भुग्याचं पठार आहे. त्यावर मेंढ्या आणि गुरं चरायला सोडली, की खंगून मरत. कारण पुढं 1930 च्या दशकात सापडलं: मातीत कोबाल्ट जवळजवळ नाही. तोवर ही जमीन शेतीला नालायक ठरून वनखात्याच्या पदरात पडली होती. तिथं काइंगारोआचं रोपवन उभं राहिलं. पुढं जागतिक मंदी आली आणि बेकारांना काम द्यायचं म्हणून लागवड आणखी वाढली. खासगी कंपन्यांनी सामान्य लोकांना रोखे विकून स्वतःची रोपवनं केली. 1936 पर्यंत देशात बाहेरून आणलेल्या झाडांखाली सुमारे तीन लाख हेक्टर जमीन होती.

लावायला माणसं होती, पुढं बघायला नव्हती. रोपं सहा ते आठ फुटांवर, म्हणजे हेक्टरी सोळाशे ते तीन हजार लावलेली. विरळणी करावी तर काढलेल्या बारक्या खोडांना गिऱ्हाईक नाही, आणि थोड्याच वर्षांत दुसरं महायुद्ध सुरू झालं. बाजरीत किंवा द्राक्षाच्या घडात विरळणी ज्यानं केली आहे, त्याला सांगायला नको: वाढलेली चांगली रोपं उपटताना हात जड होतो, पण न उपटल्याचा भुर्दंड नंतर पडतो. इथं तो कीटकानं वसूल केला. सायरेक्स नावाची लाकूड पोखरणारी गांधीलमाशी युरोपातून आधीच येऊन पोचली होती. तिची मादी खोडात अंडी घालते आणि त्यांच्यासोबत एक बुरशी आणि विषारी चिकट स्रावही सोडते. धट्टीकट्टी झाडं हे पचवतात, उपाशी झाडं मरतात. 1946 च्या दुष्काळात दाटीवाटीनं उभ्या राहिलेल्या त्या रोपवनांत सायरेक्सनं थैमान घातलं. 1951 पर्यंत काही भागांत तीनातलं एक झाड गेलं होतं. वनखात्यानं टाळलेली विरळणी माशीनं करून टाकली, आणि उरलेली झाडं त्यानंतर चांगलीच जाड झाली, ही गोष्ट नजरेतून सुटण्यासारखी नव्हती.

दाट लावा आणि हळूहळू वाढू द्या, हा धडा मूळचा युरोपातला. जर्मनीत स्प्रूस दाटीनं वाढवत. सावलीत खालच्या फांद्या बारीक असतानाच मरून गळतात, खोडातली वर्षावर्षाची वलयं जवळजवळ पडतात, लाकूड घट्ट होतं. पण त्याला 80 ते 120 वर्षं लागतात. रेडिएटाच्या फांद्या मरतात खऱ्या, गळत मात्र नाहीत. वर्षानुवर्षं वाळक्या खुंट्या खोडाला तशाच चिकटून राहतात आणि प्रत्येक खुंटी फळीत एक काळ्या कडेची गाठ होऊन बसते. म्हणजे युरोपचा धडा गिरवला तर सावलीचा तोटा पदरात पडतो, फायदा नाही.

हे पहिल्यांदा धडधडीतपणे मांडलं दक्षिण आफ्रिकेत. तिथं 1935 मध्ये ओ'कॉनर यांनी एक साधा, पण दीर्घ पल्ल्याचा प्रयोग आखला: एकाच जमिनीवर वेगवेगळ्या दाटीचे तुकडे ठेवायचे आणि प्रत्येकातल्या झाडाची जाडी वर्षानुवर्षं मोजायची. 1939 मध्ये इयान क्रेब यांनी सांगितलं, की सरकारी रोपवनं वाजवीपेक्षा कितीतरी दाट आहेत. झाडं लहान असतानाच जोरदार विरळणी करा, राखलेल्या झाडांच्या खालच्या फांद्या हातानं छाटा, आणि तीस वर्षांत करवतीला योग्य झाड काढा. झाड स्वतः फांद्या टाकत नसेल तर आपण टाकाव्यात, एवढाच त्याचा अर्थ. जुन्या वळणाच्या वनाधिकाऱ्यांना हे पाखंड वाटलं.

न्यूझीलंडमध्ये हे पाखंड धर्म बनलं. 1947 मध्ये रोटोरुआला वनसंशोधन संस्था निघाली. 1968 मध्ये तिथल्या फेंटन आणि सटन यांनी चांगल्या जमिनीवरच्या रेडिएटासाठी एक वेळापत्रक मांडलं. हेक्टरी सुमारे 1500 रोपं लावा. चौथ्या-पाचव्या वर्षापासून टप्प्याटप्प्यानं सहा मीटरपर्यंत छाटणी करा. त्याच काळात विरळणी करून फक्त 200 झाडं ठेवा आणि काढलेली तिथंच कुजू द्या, ती विकायच्या नादाला लागू नका. 26 व्या वर्षी तोड. विकता न येणाऱ्या झाडांवर मजुरी खर्च करून ती आडवी पाडायची, हे ऐकून हिशेबनीस हादरले असणार. पण विरळणी विक्रीसाठी थांबवली, की ती नेहमीच उशिरा होते आणि उशिराची किंमत राखलेलं झाड मोजतं, हा त्या दोघांचा मुद्दा होता. विंक सटन यांचा दुसरा मुद्दा बाजाराचा: उत्तर अमेरिकेतली जुनी जंगलं संपत आली आहेत, तेव्हा बिनगाठीच्या लाकडाला जग वाटेल तो भाव देईल.

छाटणीचं गणित बारीक आहे. फांदी छाटली की त्या जागी खोडावर एक छोटी जखम राहते. तिथला खोडाचा व्यास मोजतात. त्याच्या आत जे आहे ते गाठाळ. जखम भरून आल्यावर बाहेर जे चढेल ते बिनगाठीचं. तोडीच्या वेळी झाड 50-60 सेंटीमीटर जाड असेल आणि आतला गाठाळ गाभा 20 सेंटीमीटरच्या आत ठेवता आला, तर वरचं सगळं सोनं. या वयात रेडिएटा वर्षाला दोन-तीन सेंटीमीटर सहज जाड होतं. म्हणजे छाटणी एक वर्ष लांबली की गाभा तेवढ्यानं फुगला. पावसात शिडीला लटकून लांब दांड्याच्या कातरीनं फांद्या काढणाऱ्या माणसाच्या हातावर पंचवीस वर्षांनंतरचा भाव ठरत होता. फांदीच्या बुडाशी खोडाची जी फुगीर कड असते, ती कापली तर जखम मोठी होते. खुंटी ठेवली तर तीच गाठ बनते. 1980 च्या दशकात छाटलेले ओंडके चिरून बघायला सुरुवात झाली तेव्हा अनेक रोपवनांतला गाभा अपेक्षेपेक्षा बराच मोठा निघाला. छाटणी झाली होती, वेळेवर झाली नव्हती.

आणि छाटणी विरळणीशिवाय करता येत नाही. फांद्या म्हणजे झाडाचं स्वयंपाकघर. छाटलेल्या झाडाचा पाला कमी झाल्यावर शेजारचं न छाटलेलं झाड त्याच्या डोक्यावर चढतं. म्हणून विरळणी. पण मग मोकळ्या जागेत त्याच झाडाच्या वरच्या फांद्या मनगटाएवढ्या होतात. खालचा ओंडका सुधारतो तो वरच्या ओंडक्यांच्या जिवावर, ही अडचण शेवटपर्यंत सुटलेली नाही.

ही गोष्ट टोकाला नेऊन पाहिली गेली ती रोटोरुआजवळच्या टिकिटेरेला. 1973 मध्ये तिथं झाडांखाली मेंढ्या चारण्याचा प्रयोग सुरू झाला: हेक्टरी 50, 100, 200 आणि 400 झाडं. गवतही मिळेल आणि लाकूडही, ही कल्पना शेतकऱ्यांना फार भावली. प्रत्यक्षात झाडं वाढली तसं गवत खालावलं, आणि विरळ तुकड्यांतली झाडं खाली जाड, वर निमुळती आणि आडदांड फांद्यांची झाली. गायरानातल्या एकट्या आंब्यासारखी. वाढ भरपूर, फळी निकृष्ट.

दुसरी वाट बियाण्याची. 1950 च्या दशकात वनखात्याची माणसं लाखो झाडांतून सरळ, न दुभंगलेली, बारीक फांद्यांची निवडक झाडं हेरत हिंडली. त्यांची कलमं बांधून बीजबागा तयार झाल्या. सुधारित बियाणं हाताशी आल्यावर वाकडी झाडं कमी निघू लागली, त्यामुळे मुळात लावायची रोपंच कमी करता आली. पंधराशेच्या जागी आठशे-हजार पुरू लागली. पण निवड वाढीवर आणि आकारावर झाली होती. लाकूड आत किती घट्ट आहे, हा निकष नंतर आला.

तो येण्याचं कारण ते पहिलं कुत्सित वाक्य: इतक्या लवकर वाढलेलं लाकूड कशाच्या कामाचं? रेडिएटाची गाभ्याजवळची पहिली दहाएक वलयं कोवळ्या लाकडाची असतात. हे लाकूड हलकं असतं, त्याच्या पेशींच्या भिंतींतले तंतू तिरके असतात, वाळताना ते पिळवटतं आणि वजन आलं की लवकर वाकतं. 1920-30 च्या दशकातली झाडं चाळीस-पन्नास वर्षांनी तोडली तेव्हा हा भाग थोडा होता. 26-28 वर्षांत तोडलेल्या, लहानपणी मोकळ्या वाढलेल्या जाड झाडात मात्र तो ओंडक्याचा मोठा हिस्सा असतो. घराच्या सांगाड्याला लागणारा ताठपणा त्यातून मिळत नाही. न्यूझीलंडच्या उबदार उत्तरेत लाकूड त्यातल्या त्यात घट्ट, थंड दक्षिणेत हलकं. आता ओंडक्याच्या एका टोकाला ठोकून आवाजाची लहर किती वेगानं परत येते ते मोजतात. वेग जास्त, तर लाकूड ताठ. माठ घेताना बोटानं वाजवून बघतो त्यातलाच प्रकार, फक्त आकडा मिळतो.

सटन यांचं भाकीत अर्धं खरं ठरलं. जुनी जंगलं कमी झाली, पण बिनगाठीच्या लाकडाची जागा माणसानं वेगळ्या वाटेनं भरून काढली. पाइनच्या तयार पॅनेलवर बोट फिरवून पाहा. दर वीत-दीड वितीवर दातेरी सांधा दिसतो, जणू दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंफलीत. तो फिंगर जॉइंट. गाठाळ फळीतून गाठी कापून टाकायच्या आणि मधले स्वच्छ तुकडे गोंदानं जोडायचे. शिडीवरच्या माणसानं आठ वर्षांच्या झाडावर जे करायचं, ते कारखान्यातली करवत मेलेल्या फळीवर करते. पट्ट्यांसाठी आणि चौकटींसाठी एमडीएफ, म्हणजे लाकडाचे तंतू गोंदात दाबून केलेली फळी, आलं ते वेगळंच. छाटलेल्या ओंडक्याला न छाटलेल्यापेक्षा मिळणारा जादा भाव आक्रसत गेला, मजुरी मात्र वाढत राहिली.

मधल्या काळात मालकही बदलले. 1987 मध्ये न्यूझीलंडचं वनखातं मोडीत निघालं आणि पुढं सरकारी रोपवनांतले तोडीचे हक्क विकले गेले. 1993 मध्ये लाकडाचे भाव भडकल्यावर शेतकरी, शिक्षक, डॉक्टर, सगळ्यांनीच पाइन लावलं. 1994 या एका वर्षात जवळपास एक लाख हेक्टर नवी लागवड झाली. त्यातली पुष्कळशी झाडं पुस्तकात सांगितल्याप्रमाणे, पैसे मोजून छाटून घेतलेली. ती तोडीला आली तोवर सगळ्यात मोठं गिऱ्हाईक चीन झालं होतं, आणि तिथं बरेचसे ओंडके काँक्रीटच्या शटरिंगसाठी चिरले जातात. काँक्रीट ओतताना गाठ कुणी बघत नाही.

आज तिथले बरेच लागवडदार छाटणी करतच नाहीत. थोडी दाट लागवड, एकच विरळणी, बारीक फांद्या आणि सांगाड्याला चालेल असं ताठ लाकूड, असा त्यांचा हिशेब आहे. काही अजून छाटतात. त्यांचं म्हणणं, की सगळ्यांनी सोडलं तर 2050 मध्ये बिनगाठीचा ओंडका फक्त आपल्याकडे असेल. दोघांनाही ठरवायला रोपाच्या चौथ्या ते आठव्या वर्षापर्यंतच मुदत असते. नवव्या वर्षी खालच्या फांद्या वाळायला लागलेल्या असतात आणि काळी कड आत पडायला सुरुवात झालेली असते.