काचबिंदू पिकत नाही

डोळे तपासताना काचबिंदू असल्याचे कळले की, ‘पिकला की काढून टाकू, घाई कशाला?’ असे उत्तर आजही पुष्कळ घरांतून ऐकू येते. ही समजूत मोतीबिंदूवरून आलेली आहे. मोतीबिंदूत डोळ्याचे भिंग गढूळ होते आणि ते बदलले की दिसू लागते. काचबिंदूत मात्र डोळ्याची नस झिजते, झिजलेले तंतू पुन्हा उगवत नाहीत आणि काढून टाकण्याजोगे तेथे काहीच नसते.

हा रोग समजण्यासाठी डोळ्यातील पाण्याची अतिशय सुंदर व्यवस्था पाहावी लागते. पारपटल, म्हणजे डोळ्याच्या समोरची पारदर्शक काच, आणि भिंग यांना आरपार राहायचे असल्याने रक्तवाहिन्या नसतात. म्हणून बुबुळामागची, म्हणजे बाहुलीभोवतीच्या रंगीत पडद्यामागची, झालरीसारखी पेशीरचना रक्तातून एक नितळ द्रव तयार करून त्यांचे पोषण करते. त्याचे प्रमाण मिनिटाला सुमारे २.५ मायक्रोलिटर, म्हणजे दिवसभरात चहाचा एक चमचाही भरणार नाही इतके असते. हा द्रव भिंगाला वळसा घालून बाहुलीतून पुढे येतो आणि पारपटल व बुबुळ जेथे मिळतात, त्या कोपऱ्यातील स्पंजासारख्या जाळीतून झिरपत श्लेमची नलिका म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बारीक वाहिनीत व तेथून शिरांतील रक्तात मिसळतो. अश्रूंशी त्याचा संबंध नाही. जाळीचा थोडा अडथळा आवश्यकच आहे, कारण त्यातून निर्माण होणाऱ्या दाबामुळेच डोळ्याचा गोल आकार टिकतो. हा दाब सर्वसाधारणपणे पाऱ्याच्या १० ते २१ मिलीमीटरइतका असतो. जाळीतील अडथळा वाढला तर पाणी तयार होण्याचा वेग तोच राहिल्याने दाब चढतो. काचबिंदूवरच्या औषधांपैकी टिमोलॉलचे थेंब पाणी कमी तयार करवतात, तर लॅटानोप्रोस्टचे थेंब मुख्यतः स्नायूंच्या धाग्यांमधून जाणारी दुसरी वाट मोकळी करतात.

दाबाची झळ पोहोचते ती डोळ्याच्या मागे. दृष्टिपटलावरून, म्हणजे डोळ्याच्या आतल्या प्रकाश टिपणाऱ्या पडद्यावरून, निघालेले नसेचे सुमारे १० ते १२ लाख तंतू एका चाळणीसारख्या पडद्यातून एकत्र बाहेर पडतात आणि तेथेच ते चिरडले जातात. शाळेत शिकलेला अंधबिंदू हीच जागा. तेथे आपल्याला काहीच दिसत नाही, तरी समोर भोक पडल्यासारखे वाटत नाही, कारण मेंदू आसपासच्या चित्रावरून ती जागा भरून काढतो. काचबिंदूत तंतू मरत जातात तेव्हाही मेंदू हेच करतो, शिवाय एका डोळ्याची उणीव दुसरा डोळा झाकतो. त्यामुळे मधली नजर शाबूत असलेला माणूस वर्तमानपत्र सहज वाचतो आणि बाजूने आलेली दुचाकी मात्र त्याला दिसत नाही. दक्षिण भारतात झालेल्या पाहण्यांत काचबिंदू आढळलेल्या दहापैकी सुमारे नऊ जणांना आपल्याला तो आहे हे ठाऊकच नव्हते.

चष्म्याचा नंबर काढणे म्हणजे काचबिंदूची तपासणी नव्हे. केवळ दाब मोजणेही पुरत नाही, कारण पारपटल पातळ असेल तर दाब प्रत्यक्षापेक्षा कमी भरतो आणि काहींची नस नेहमीच्या दाबातही झिजते. नसेचे मूळ पाहणे, पाणी झिरपण्याचा कोपरा तपासणे आणि दृष्टिक्षेत्राचा, म्हणजे समोर पाहताना आजूबाजूचे किती दिसते त्याचा, आलेख काढणे हे सारे त्यात आले पाहिजे. आई-वडील किंवा सख्ख्या भावंडांपैकी कोणाला काचबिंदू असेल, तर धोका कित्येक पटींनी वाढतो. अशांनी तपासणीसाठी चाळिशीची वाट पाहू नये.

काचबिंदूचा एक प्रकार मात्र अचानक येतो. पाणी झिरपण्याचा कोपरा एकाएकी बंद होऊन डोळा लाल होतो, असह्य दुखतो, दिव्याभोवती रंगीत वलये दिसतात आणि उलट्या होतात. उलट्यांमुळे पित्त समजून रात्र घालवली, तर तेवढ्या वेळात दृष्टी जाऊ शकते.

मध किंवा गुलाबपाणी घातल्याने जाळी मोकळी होत नाही. त्याहून घातक म्हणजे डोळ्यांच्या खाजेसाठी दुकानातून परस्पर आणलेले स्टिरॉइडचे थेंब. खाज थांबते, डोळा पांढरास्वच्छ दिसतो आणि आत जाळीतील अडथळा वाढत जातो. ॲलर्जीसाठी महिनोन्‌महिने असे थेंब घातलेल्या शाळकरी मुलांनाही काचबिंदू होतो.

उपचार घेणाऱ्याला औषधाचा गुण जाणवत नाही, उलट डोळा चुरचुरतो. म्हणूनच थेंब सुटतात. एका वेळी एकच थेंब घालावा, डोळा मिटून नाकालगतचा कोपरा दोन मिनिटे दाबून धरावा आणि दुसरे औषध पाच मिनिटांनी घालावे. दमा असेल तर टिमोलॉल सुरू होण्यापूर्वीच डॉक्टरांना सांगावे, कारण डोळ्यात घातलेला थेंब नाकावाटे रक्तात जातो आणि श्वासनलिका आवळू शकतो.