तबकडीची खाच आणि खान्देशचे ऊन

आमच्या घरातील ध्वनिमुद्रिकांची पेटी चोपडा तालुक्यातील जुन्या घरी, धाब्याच्या खोलीत, जवळजवळ चाळीस वर्षे होती. माझे मोठे काका, ज्यांना सगळे गाव जिभाऊ म्हणत असे, त्यांनी त्या तबकड्या पुस्तकांसारख्या उभ्या रचल्या होत्या, आणि मातीच्या जाड छतामुळे ती खोली ऐन वैशाखातही थंड राहत असे. वाटणीनंतर निम्म्या तबकड्या जळगावला आमच्या गच्चीवरील पत्र्याच्या खोलीत आल्या आणि जागा अपुरी म्हणून एकावर एक आडव्या ठेवल्या गेल्या. दोन उन्हाळ्यांनंतर पेटी उघडली, तेव्हा वरच्या सात-आठ तबकड्यांच्या कडा भाजलेल्या पापडासारख्या वर आल्या होत्या. गावी राहिलेल्या तबकड्या आजही सपाट आहेत. मोबाईलवर हवे ते गाणे क्षणात मिळत असताना तबकड्या जमवण्यात आणि सांभाळण्यात काही अर्थ आहे का, हा प्रश्न मला त्या दिवशी पहिल्यांदा गांभीर्याने पडला. त्याचे उत्तर निव्वळ आवडीनिवडीवर सोडता येत नाही, कारण त्यातील मोठा भाग पदार्थविज्ञानाचा आहे.

एलपी म्हणून आपण जी काळी तबकडी ओळखतो, ती १९४८ साली अमेरिकेत कोलंबिया कंपनीने बाजारात आणली. व्यास १२ इंच, वेग मिनिटाला ३३⅓ फेरे आणि पदार्थ पीव्हीसी. केळीच्या बागांना पाणी पोहोचवणारे जे पाइप जळगावच्या कारखान्यांत तयार होतात, त्यांचा आणि एलपीचा मूळ पदार्थ एकच आहे. तबकडीसाठी त्यात थोडा बदल करून तो साच्यात नीट वाहील असा मऊ केलेला असतो. तबकडीच्या एका बाजूवर एकच सलग खाच असते, कडेपासून मध्याकडे वळत जाणारी. बावीस मिनिटांच्या बाजूवर तिचे सुमारे ७३० फेरे होतात, आणि ती सरळ करता आली तर तिची लांबी साडेचारशे मीटरच्या आसपास भरेल. खाचेची रुंदी सुमारे ५० मायक्रोमीटर, म्हणजे माणसाच्या केसापेक्षा कमी. तिच्या दोन भिंती एकमेकींशी काटकोनात असतात आणि स्टिरिओ तबकडीत डाव्या-उजव्या स्पीकरचा आवाज या दोन भिंतींवर वेगवेगळा कोरलेला असतो. ही कल्पना इंग्लंडमधील अ‍ॅलन ब्लुमलाइन या अभियंत्याने १९३१ मध्येच मांडली होती. हिऱ्याची सुई त्या भिंतींच्या वळणांवरून घासत जाते, तिची थरथर विजेच्या संकेतात बदलते आणि आपल्याला गाणे ऐकू येते.

यातील सर्वांत हळुवार वळणे एक मायक्रोमीटरहूनही लहान असतात. यंत्राने केलेले इतके नाजूक काम सामान्य माणसाच्या घरात पोहोचले, याचे मला आजही अप्रूप वाटते. परंतु ‘तबकडीवर आवाज जसाच्या तसा असतो’ हे वारंवार ऐकू येणारे विधान खरे नाही. खर्जातील स्वरांना खाचेत फार मोठी वळणे लागतात. ती तशीच कोरली तर शेजारच्या दोन फेऱ्यांमधील भिंत फुटेल किंवा बाजूवर जेमतेम काही मिनिटांचे गाणे मावेल. म्हणून कोरण्यापूर्वी खर्ज दाबला जातो आणि तार भाग उचलला जातो. १ किलोहर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला हजार कंपनांच्या, तुलनेत २० हर्ट्झचा स्वर सुमारे दहा पटींनी लहान केला जातो, तर २० किलोहर्ट्झचा जवळजवळ तितक्याच पटींनी मोठा. वाजवताना अ‍ॅम्प्लिफायर याच्या बरोबर उलट क्रिया करतो. हे प्रमाण १९५४ पासून ठरलेले आहे. तार भाग परत खाली आणताना त्याच्याबरोबर खाचेची खरखरही कमी होते, ही या योजनेतील खरी हुशारी.

दोन अडचणी मात्र कोणत्याही हुशारीने पूर्ण जात नाहीत. तबकडी ठरावीक वेगाने फिरते, पण बाहेरच्या फेऱ्याचा घेर मोठा आणि आतल्याचा लहान असतो. त्यामुळे सुईखालून खाच सुरुवातीला सेकंदाला सुमारे ५० सेंटिमीटर सरकते आणि बाजू संपताना जेमतेम २० सेंटिमीटर. तेच गाणे निम्म्याहून कमी जागेत दाटीने बसवावे लागते, आणि म्हणून बाजूच्या शेवटच्या गाण्यात ‘स’ आणि ‘श’ फाटल्यासारखे ऐकू येतात. दुसरी अडचण मधल्या भोकाची. ते केंद्रापासून एक मिलिमीटर जरी सरकले, तरी प्रत्येक फेऱ्यात, म्हणजे दर १.८ सेकंदांनी, स्वर साधारण एक टक्का वर आणि एक टक्का खाली झुलतो. दोन लगतच्या स्वरांतील अंतर सुमारे सहा टक्के असते, हे लक्षात घेतले म्हणजे तंबोऱ्याच्या अखंड षड्जावर बेतलेल्या आपल्या गायनात हा झोका कानाला किती खुपत असेल, याची कल्पना येते.

आता डिजिटलकडे वळू. १९८२ मध्ये आलेल्या सीडीवर ध्वनीची पातळी सेकंदाला ४४,१०० वेळा मोजून लिहिलेली असते आणि प्रत्येक मोजमापासाठी ६५,५३६ पातळ्या उपलब्ध असतात. यावर नेहमीचा आक्षेप असा, की मोजमापांच्या मधला आवाज हरवतो आणि गुळगुळीत लाटेच्या जागी पायऱ्या-पायऱ्यांचा जिना उरतो. हा आक्षेप सयुक्तिक वाटतो, पण तो चुकीचा आहे. शाळेतील भूमितीत आपण शिकलो, की एका रेषेत नसलेले तीन बिंदू दिले तर त्यांतून एक आणि एकच वर्तुळ जाते. वर्तुळाचा बाकीचा भाग कोणी दिलेला नसतो, तरी तो निश्चित असतो, कारण आकृती वर्तुळच आहे ही अट आपल्याला ठाऊक असते. ध्वनीच्या बाबतीत अशी अट कंपनसंख्येची असते. लाटेत २२,०५० हर्ट्झच्या वरचे काहीही नसेल, तर सेकंदाला ४४,१०० बिंदूंतून जाणारी तशी लाट एकच असू शकते आणि सीडी प्लेअर तीच लाट सलग परत उभी करतो. अमेरिकन गणितज्ञ क्लॉड शॅनन यांनी १९४९ मधील आपल्या निबंधात हे गणिताने मांडले. माणसाचा कान तरुणपणीही २०,००० हर्ट्झच्या वर ऐकत नाही आणि वयाबरोबर ही मर्यादा खाली येत जाते.

सर्वांत मोठ्या आणि सर्वांत हळू आवाजातील अंतर सीडीवर सुमारे ९६ डेसिबल मिळते, तर चांगल्या एलपीवर ६० ते ७०. गणित पटले तरी कान पटत नाही असे म्हणणाऱ्यांसाठी एक प्रयोगही झालेला आहे. अमेरिकेतील ब्रॅड मायर आणि डेव्हिड मोरान यांनी सीडीपेक्षा वरच्या दर्जाच्या डिजिटल मुद्रणांचा संकेत कधी थेट, तर कधी सीडीच्या दर्जाच्या अरुंद वाटेतून नेऊन ऐकवला. कोणत्या क्षणी कोणती वाट चालू आहे, हे श्रोत्यांना सांगितले नव्हते. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार ५५४ पैकी २७६ उत्तरे बरोबर आली. नाणे उडवूनही इतकीच आली असती.

तरीही एलपीचा आवाज अनेकांना ‘उबदार’ वाटतो, आणि तो त्यांचा भ्रम आहे असे मी मुळीच म्हणणार नाही. खर्जाची हाताळणी, तार भागातील किंचित घट आणि सुईच्या घर्षणातून येणारी थोडी भर यांमुळे ध्वनी खरोखरच बदलतो. शिवाय १९९० नंतर अनेक सीडींवर गाणे सतत मोठ्या आवाजात राहावे म्हणून हळू आणि मोठ्या भागांतील फरक दाबून टाकला गेला; त्याच गाण्याची जुनी एलपी अधिक मोकळी वाटली तर त्याचे श्रेय मुद्रण सिद्ध करणाऱ्या अभियंत्याला जाते, पीव्हीसीला नाही. नव्याने छापल्या जाणाऱ्या एलपींपैकी पुष्कळ तर डिजिटल मुद्रणावरूनच कोरलेल्या असतात. मोबाइल फिडेलिटी या अमेरिकन कंपनीच्या महागड्या तबकड्या शुद्ध अ‍ॅनालॉग (आवाज आकड्यांत न बदलता कोरलेल्या) म्हणून जाणकार नावाजत असत; त्यांपैकी अनेकांच्या निर्मितीत एक डिजिटल टप्पा होता, हे २०२२ मध्ये उघड झाले. तोवर तो टप्पा त्या जाणकार कानांच्या लक्षात आला नव्हता. म्हणून केवळ आवाजाच्या दर्जासाठी कोणी नवी एलपी विकत घेणार असेल, तर ते पैसे चांगल्या स्पीकरवर खर्च करावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

खान्देशात तर या मताला हवामानाची जोड आहे. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात सावलीतील पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि पत्रा त्याहून कितीतरी अधिक तापतो. तबकडीचा पदार्थ ६० अंशांच्या आसपास मऊ पडू लागतो, आणि वर वजन असले किंवा एका बाजूने आधार नसला, तर त्याहून कमी तापमानातही हळूहळू वाकतो. उन्हात पडलेला पाइप कसा बाक धरतो हे आपल्या शेतकऱ्याला सांगायला नको. त्याच कोरड्या हवेत दुसरा त्रास सुरू होतो. पीव्हीसीवर घर्षणाने स्थिर विद्युतभार साचतो, दमट हवेत तो हळूहळू ओसरतो, पण उन्हाळ्यात तबकडी कव्हरमधून काढताच हवेतील काळ्या मातीची धूळ आणि कापसाचे तंतू ओढून घेते. कोरड्या फडक्याने पुसले तर भार आणखी वाढतो. डिस्टिल्ड वॉटरने किंचित ओलसर केलेले मऊ कापड खाचेच्या दिशेने फिरवावे, हा साधा उपाय पुरेसा आहे.

असे असूनही जिभाऊंची पेटी मी भंगारात दिली नाही, आणि त्याचे कारण पेटीच्या तळाशी असलेल्या जाड, जड, ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांत आहे. त्या पीव्हीसीच्या नव्हेत, लाखेच्या आहेत. पळस, बोर, कुसुम अशा झाडांवरील बारीक कीटकांनी स्रवलेली लाख भारतातून जगभर जात असे आणि तिच्यात दगडाची पूड मिसळून तबकड्या छापल्या जात. १९०२ च्या नोव्हेंबरात ग्रामोफोन कंपनीचे ध्वनिमुद्रक फ्रेड गाइसबर्ग यांनी कोलकात्यात गायिका गौहर जान यांचे गाणे मुद्रित केले, त्या तबकड्या जर्मनीत हॅनोव्हर येथे छापल्या गेल्या. पुढील पन्नास वर्षांतील आपले संगीत असेच तीन-साडेतीन मिनिटांच्या बाजूंवर साठत गेले. त्यांपैकी गाजलेल्या गायकांच्या मुद्रणांना पुढे एलपी, कॅसेट, सीडी असे पुनर्जन्म मिळाले. ज्यांची विक्री थोडी झाली, त्या गायिका, ते वादक, त्या नाटकमंडळींची पदे पुष्कळदा फक्त घरोघरच्या तबकड्यांवर उरली आहेत. अशा ठिकाणी तबकडी आणि डिजिटल यांची स्पर्धाच नसते, कारण डिजिटल प्रत अस्तित्वातच नसते. तबकड्या जमवणे मला सार्थ वाटते ते येथे.

डिजिटल साठाही आपोआप टिकत नाही. मायस्पेस या संकेतस्थळावर लोकांनी बारा वर्षांत चढवलेली गाणी एका स्थलांतरात नष्ट झाल्याचे २०१९ मध्ये जाहीर झाले. लाखेची तबकडी हातातून पडली तर काचेसारखी फुटते, पण सांभाळली तर शंभर वर्षांनीही वाजते. आकड्यांचे बळ निराळे आहे. त्यांच्या कितीही प्रती काढल्या तरी दर्जा तसूभरही उतरत नाही, मात्र त्या प्रती कोणीतरी काढत राहावे लागते.

म्हणून गेल्या दोन वर्षांपासून मी ७८ च्या तबकड्या एकेक करून संगणकात उतरवत आहे. एलपीची सुई त्यांना चालत नाही. तिच्या टोकाची त्रिज्या १८ मायक्रोमीटर असते आणि ७८ च्या रुंद खाचेत ती तळाशी बसून नुसती खरखर उचलते. सुमारे ७० मायक्रोमीटरची जाड सुई बसवल्यावर ती भिंतींना टेकते आणि आवाज एकदम पुढे येतो. धुताना स्पिरिट कटाक्षाने टाळावे लागते. सुतार चपडा लाख स्पिरिटमध्येच विरघळवून पॉलिश करतो, तेच तबकडीच्या पृष्ठभागाचे होईल. वेगही तपासावा लागतो, कारण सुरुवातीच्या काळात सर्व तबकड्या नेमक्या ७८ फेऱ्यांवर मुद्रित होत नसत, आणि वेग चुकला तर गायिकेची पट्टीच बदलते. हार्मोनियमच्या साथीवरून तो अदमासे ठरवता येतो.

परवा जी तबकडी हाती आली तिचे लेबल वाळवीने खाल्ले होते. एका बाईंचा खडा आवाज, मागे सारंगी आणि तबला, साधारण तीन मिनिटे. नाव कळण्याचा काही मार्ग दिसेना. मग विजेरी आडवी धरून लेबलाभोवतीचा गुळगुळीत भाग पाहिला, तेव्हा लाखेत उमटलेला मुद्रण-क्रमांक दिसू लागला. शेवटचा एक आकडा पुसट आहे, तो ३ असावा किंवा ८. दोन्ही शक्यता फाइलच्या नावात लिहिल्या, फाइलच्या तीन प्रती तीन ठिकाणी ठेवल्या, आणि तबकडी नव्या कागदी कव्हरात घालून चोपड्याच्या त्या धाब्याच्या खोलीत इतर तबकड्यांशेजारी उभी ठेवून आलो.