फिल्टरमधून निसटणाऱ्या तारखा

वर्षअखेरीला हिशेबाच्या शीटवर ‘१ एप्रिल ते ३१ मार्च’ असा फिल्टर लावला आणि बेरीज जुळली नाही, तर सूत्र तपासण्याआधी तारखांचा रकाना बघावा.

एक्सेलच्या लेखी तारीख म्हणजे निव्वळ आकडा. १ जानेवारी १९०० हा दिवस पहिला. तिथून मोजत आलं की १५ ऑगस्ट २०२४ म्हणजे ४५५१९. (या मोजणीत २९ फेब्रुवारी १९०० हा कधीच न उगवलेला दिवसही धरलेला आहे. लोटस १-२-३ या जुन्या प्रोग्रामशी जुळावं म्हणून ती चूक तशीच ठेवली.) आकड्यांत लहान-मोठं ठरवणं सोपं. पण तारीख मजकूर म्हणून साठवली गेली, तर तुलना डावीकडून एकेका अक्षराची होते. मग ‘०२/१२/२०२४’ लागते ‘१५/०१/२०२४’च्या आधी, कारण शून्य एकाच्या आधी येतो. डिसेंबर जानेवारीच्या पुढे जाऊन बसतो आणि संगणक चकार शब्द काढत नाही.

सगळ्यांत घातक म्हणजे अर्धवट बदल. संगणकाची सेटिंग अमेरिकी, म्हणजे महिना आधी, असेल आणि आपण बँकेची सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेला साधा मजकूर) उघडली, तर ‘१३/०४/२०२४’मधला तेरावा महिना त्याला सापडत नाही, ती नोंद मजकूरच राहते. ‘०५/०४/२०२४’ मात्र बिनबोभाट ४ मे होते. पहिली चूक निदान दिसते: एरवी मजकूर रकान्यात डावीकडे चिकटतो, खरी तारीख उजवीकडे. दुसरी दिसतच नाही. म्हणून अशी शीट डागडुजी करून वापरू नये. मूळ फाइल पुन्हा आयात करावी आणि तेव्हाच ‘दिवस-महिना-वर्ष’ हा क्रम सांगावा.

डेटाबेसमध्येही रकान्याचा प्रकारच तारीख ठेवावा. मजकूर ठेवला आणि दर क्वेरीत, म्हणजे डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नात, रकान्यावर रूपांतराचं फंक्शन लावलं, की साध्या इंडेक्सचा (झटपट शोधासाठीच्या सूचीचा) सहसा उपयोग होत नाही आणि क्वेरी रेंगाळते. एसक्यूलाइट या छोटेखानी डेटाबेसमध्ये तारखेचा वेगळा प्रकारच नाही. तिथे मजकूर ठेवायचा तर २०२४-०४-०५ असा, आयएसओ ८६०१ या तारखा लिहिण्याच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे वर्ष आधी घालून.

रकान्यात वेळही असेल, तर आणखी एक खाच आहे. ‘३१ मार्चपर्यंत’ याचा अर्थ डेटाबेस तो दिवस उजाडायच्याही आधीचे, मध्यरात्रीचे बारा असा घेतो. वर्षअखेरच्या धांदलीचा अख्खा दिवस गळतो. अट ‘१ एप्रिलपेक्षा कमी’ अशी लिहिली, की ३१ मार्चला रात्री ११:५९ची पावतीही मोजली जाते.