हळदीचं बेणं आणि जनुकशास्त्राचा तास

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे निघतात, पण हळदीचं बी कुणी विकत नाही. लागणीला बेणं म्हणून जेठे गड्डे किंवा हळकुंडं वापरतात. बी का नाही? सांगली-साताऱ्याच्या कॉलेजांत बी.एस्सी.चा जनुकशास्त्राचा तास या प्रश्नाने सुरू व्हावा, असं मला मनापासून वाटतं.

उत्तर लगेच सांगायचं नाही. फळ्यावर एवढंच लिहायचं: हळदीच्या पेशीत 63 गुणसूत्रं, म्हणजे 21 चे तीन संच. परागकण आणि बीजांडं बनताना गुणसूत्रं निम्मी होतात, त्या अर्धसूत्री विभाजनात यांच्या जोड्या कशा लागतील? आधी प्रत्येकाने एकट्याने वहीत चित्र काढायचं, मग शेजाऱ्याला आपलं म्हणणं पटवून द्यायचं. कुणी 63 चे निम्मे करायला जातो आणि साडेएकतीसवर अडतो. सरांनी तिथे घाईने मदतीला धावू नये. थोड्या वेळात कुणाच्या तरी लक्षात येतं, की दोघांची जोडी लागली तर तिसरं उरतं आणि ते कोणत्या टोकाला जाईल याचा नेम नाही. हाच गोंधळ 21 ठिकाणी झाला, की बहुतेक परागकण आणि बीजांडं असमतोल निपजतात. बी धरणं मग फार दुर्मिळ. 'ट्रिप्लॉइड', म्हणजे तीन संचांचा, हा शब्द यानंतर सांगितला तरी चालतो.

हुशार मुलाचं उत्तर बाकीचे नुसतं उचलतात, ही शंका रास्त आहे. अमेरिकेत कोलोरॅडो विद्यापीठाच्या जनुकशास्त्राच्या वर्गातच ती तपासली गेली. निष्कर्ष 2009 साली 'सायन्स' नियतकालिकात आले. चर्चेनंतर त्याच संकल्पनेवरचा दुसरा प्रश्न मुलांनी एकट्याने सोडवला आणि त्यातही ती सुधारलेली दिसली. सुरुवातीला कुणालाच उत्तर येत नव्हतं, अशा गटांतही समज वाढली होती!

2014 साली विज्ञान, गणित, अभियांत्रिकीच्या 225 अभ्यासांचा एकत्रित आढावा निघाला. नुसत्या व्याख्यानांच्या वर्गांत सरासरी सुमारे 34 टक्के विद्यार्थी नापास होत, मुलं स्वतः प्रश्न सोडवतात, चर्चा करतात अशा कृतिशील वर्गांत सुमारे 22 टक्के.

तरी मुलं कुरकुरतात. हार्वर्डमधल्या 2019 च्या एका अभ्यासात कृतिशील वर्गातल्या मुलांना आपण कमी शिकलो असं वाटलं, गुण मात्र जास्त मिळाले. डोक्याला ताण पडला की काही कळलं नाही असं वाटतं. हे मुलांना पहिल्याच तासाला सांगून टाकावं. उत्तरं नोंदवायला महागडं यंत्र लागत नाही, फळ्यावर पर्याय दिले आणि मुलांनी पर्यायाच्या क्रमांकाएवढी बोटं वर केली तरी पुरे. पोर्शन मागे पडतो, हे खरं. मला तो तोटा परवडणारा वाटतो.

समजलं की नाही, हे पाहायला पुढचा प्रश्न तासगावच्या मळ्यातून घ्यावा. थॉम्पसन द्राक्षातही बी नसतं, पण गुणसूत्रं 38, दोनच संच. इथे हळदीचं उत्तर लागू पडत नाही. फलन होतं, गर्भही धरतो. तो पुढे वाढत नाही, म्हणून बी कोवळंच राहतं. तो गर्भ वेळेत काढून प्रयोगशाळेत वाढवला, तर त्याचं रोप होऊ शकतं.