शॅडोड व्हेरिएबल्स आणि व्हेरिएबल कॉन्फ्लिक्ट: नावांचे दोन वेगळे घोटाळे

"एक्स्ट्रा वॉर्निंग्ज चालू आहेत ना, मग नावांची भानगड कंपाइल होतानाच कळेल." हे इतक्या वेळा ऐकलंय की आता लिहूनच टाकतो. नाही कळणार. निदान ज्या भानगडीची तुम्हाला धास्ती आहे ती तर नाहीच. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये फंक्शन लिहायची जी भाषा आहे, पीएल/पीजीएसक्यूएल, तिच्यात नावांचे घोटाळे दोन आहेत आणि त्यांच्या सेटिंगही दोन.

पहिला तुम्हाला पाठ असेल. फंक्शनच्या पॅरामीटरचंच नाव खाली डिक्लेअरमध्ये (जिथे व्हेरिएबल जाहीर करतात) पुन्हा दिलं, की आतलं व्हेरिएबल बाहेरच्याला झाकतं. आतल्यात नल (म्हणजे किंमतच नाही), आणि पाठवलेली किंमत वापरलीच जात नाही. पोस्टग्रेस 9.4 (2014) पासून 'एक्स्ट्रा_वॉर्निंग्ज' या जादा तपासण्यांच्या यादीत 'शॅडोड_व्हेरिएबल्स' लिहिलं की क्रिएट फंक्शन चालवतानाच वॉर्निंग मिळते. आपणहून चालू केल्याशिवाय ती येत नाही. मी तर 'एक्स्ट्रा_एरर्स'मध्येच टाकतो, म्हणजे वॉर्निंगऐवजी थेट एरर येते. मायग्रेशनच्या (डेटाबेसमधले बदल चढवण्याच्या) लॉगमधल्या वॉर्निंग कोण वाचतं?

दुसरा घोटाळा व्हेरिएबल आणि टेबलचा कॉलम यांच्यातला. इथे वरच्या सेटिंगचा काडीचा उपयोग नाही. क्रिएट फंक्शनच्या वेळी आतल्या एसक्यूएलचं नुसतं व्याकरण तपासलं जातं. टेबल कोणतं, त्यात कॉलम कोणते, हे तेव्हा कोणी बघतच नाही. ते बघितलं जातं ती ओळ पहिल्यांदा चालते तेव्हा. म्हणजे वर्षातून एकदाच चालणाऱ्या इफच्या फांदीत घोटाळा असेल, तर फंक्शन विनातक्रार तयार होतं, वर्षभर नीट चालतं, आणि नेमकं त्या दिवशी 'कॉलम रेफरन्स ॲम्बिग्युअस' (हे नाव कॉलमचं की व्हेरिएबलचं ते कळत नाही) म्हणून आडवं येतं.

ही एरर पोस्टग्रेस 9.0 (2010) पासूनची. त्याआधी अशा वेळी व्हेरिएबल गुपचूप जिंकायचं. ओरॅकलच्या पीएल/एसक्यूएलमध्ये कॉलम जिंकतो. आता अशा वेळी काय करायचं ते ठरवणाऱ्या 'व्हेरिएबल_कॉन्फ्लिक्ट' या सेटिंगची मूळ किंमत 'एरर' आहे. आणि माझं डोकं फिरतं ते इथे: एरर दिसली की लोक नाव बदलत नाहीत, फंक्शनच्या डोक्यावर 'यूज_कॉलम' (कॉलम धरा) नाहीतर 'यूज_व्हेरिएबल' (व्हेरिएबल धरा) चिकटवतात. (ती ओळ हॅशने सुरू होते, त्यामुळे पुढचा माणूस ती कॉमेंट समजून पुसतो, तो वेगळाच तमाशा.)

समजा पॅरामीटरचं नाव आयडी, टेबलच्या कॉलमचंही आयडी, आणि आत 'डिलीट ... व्हेअर आयडी = आयडी'. 'यूज_कॉलम' लावलं तर दोन्हीकडे कॉलम: आयडी नल नसलेली प्रत्येक ओळ गेली. 'यूज_व्हेरिएबल' लावलं तर दोन्हीकडे व्हेरिएबल: नल सोडून काहीही पाठवा, सगळं टेबल रिकामं. एका ओळीपुरतं डिलीट हवं होतं, आणि दोन्ही पर्यायांत उडतं ते अख्खं टेबल. ती कटकटी एररच तुम्हाला वाचवत होती.

'एक्स्ट्रा_वॉर्निंग्ज'च्याच यादीत पोस्टग्रेस 12 (2019) मध्ये आलेल्या 'टू_मेनी_रोज' आणि 'स्ट्रिक्ट_मल्टी_असाइनमेंट' या तपासण्या तर फंक्शन चालतानाच बोलतात, तेव्हा 'एक्स्ट्रा वॉर्निंग्ज म्हणजे कंपाइल टाइम' हे समीकरण तसंही अर्धवटच.

कॉलमचे घोटाळे फंक्शन न चालवता पकडायचे तर 'पीएलपीजीएसक्यूएल_चेक' हे एक्स्टेन्शन घाला. ते आतल्या क्वेरी खऱ्या टेबलांशी ताडून बघतं. आणि पॅरामीटरला 'पी_', लोकल व्हेरिएबलला 'व्ही_' लावा. कुरूप दिसतं, मान्य. जुनं फंक्शन असेल आणि पॅरामीटरची नावं बदलता येत नसतील, तर पॅरामीटरच्या आधी फंक्शनचं नाव आणि टिंब लिहा, कॉलमच्या आधी टेबलचं.